अंबर एलचा पेला आणि चवीची साक्ष



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "सर, आयुष्यभर ह्यूम आणि कांट शिकवलेत, आणि आता पंचाहत्तरीत बिअरवर बोलणार?" आम्ही म्हटलं, ह्यूमवरच बोलणार आहोत, फक्त या वेळी समोर पुस्तकाऐवजी पेला ठेवलाय. तरी आधीच सांगून टाकतो. आपल्या राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा नाव बदलून आजही लागू आहे, आणि प्यायला रीतसर परवाना लागतो. कुणी प्यावं किंवा पिऊ नये, हे सांगण्यासाठी आम्ही इथे बसलेलो नाही. आपल्याला इतिहास पाहायचा आहे तो चवीचा. त्यासाठी इंग्लंडमधल्या एलइतकं सोयीचं उदाहरण आम्हाला दुसरं सापडलं नाही, कारण तिथे चवीचा निवाडा कोणी करायचा, यावर साडेसातशे वर्षं कायदे, यंत्रं आणि चळवळी झालेल्या आहेत.

प्रसंग असा. गेल्या वर्षी आम्ही उभयता इंग्लंडला लेकीकडे गेलो होतो. वेल्सच्या सीमेलगत श्रॉपशर नावाचा परगणा आहे. सेव्हर्न नदीवरचा जगप्रसिद्ध लोखंडी पूल तिथलाच. तो पाहून झाल्यावर दुपारी लेकीने आम्हाला जवळच्या एका लहान गावातल्या पबमध्ये नेलं. मागच्या अंगणात छोटीशी भट्टी, तिथेच एल तयार होते आणि पुढच्या खोलीत ती विकली जाते. फळ्यावर खडूने लिहिलं होतं, घरची अंबर एल. आमच्या सौभाग्यवतींनी चहा मागवला. लेकीने आणि आम्ही अर्धा अर्धा पाइंट घेतला, म्हणजे साधारण २८४ मिलिलिटर. हातपंपाने तळघरातल्या पिंपातून ओढलेली, तळघराच्या थंडाव्याइतकीच थंड. रंग कसा? तर गुळाच्या पाकाला पहिली तार येते तेव्हाचा. खिडकीसमोर पेला धरला की आरपार दिसत होतं.

दोन घोट झाले. पबचे मालक पेले पुसत उभे होते. त्यांनी विचारलं, "काय लागलं तुम्हाला?" आम्ही म्हटलं, "छान आहे." ते हसले आणि म्हणाले, "छान आहे हे तुमच्याबद्दल झालं. एलबद्दल सांगा."

मंडळी, आम्ही गप्प झालो. पस्तीस वर्षं आम्ही सौंदर्यशास्त्राचा पेपर शिकवला. 'आवडणे' आणि 'निर्णय करणे' यांतला फरक फळ्यावर लिहून दाखवला. आणि एका साध्या माणसाने तोच फरक एका वाक्यात आमच्यासमोर ठेवला, तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्यात आणखी एक अडचण. काही वर्षांपूर्वीच्या एका आजारपणानंतर आमचं नाक अर्ध्याहून अधिक गेलेलं आहे. फोडणीचा वास आता शेजारच्या खोलीतून येत नाही. अशा माणसाला चवीचा निवाडा करायचा अधिकार आहे का? हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मनात आहे. आजचं व्याख्यान त्या मालकांना द्यायचं राहिलेलं उत्तर आहे असं समजा.

आता मागे जाऊ.

तेराव्या शतकात इंग्लंडमध्ये एल ही चैन नव्हती, ते रोजचं अन्न होतं. म्हणून पाव आणि एल या दोन गोष्टींचे भाव धान्याच्या भावाशी बांधणारा कायदा झाला. तो साधारण १२६६-६७चा मानतात. धान्य महाग झालं तर एल किती महाग करता येईल, हे ठरलेलं. पण भाव बांधला की लबाडी कुठे होते? मालात. म्हणून गावोगावी एक अधिकारी नेमला जाई, एल चाखणारा. तो शपथ घेई. घरी एल तयार झाली की दारावर काठी किंवा झुडपाची जुडी बांधायची, ती पाहून चाखणारा यायचा, घोट घ्यायचा आणि सांगायचा की ही बांधलेल्या भावाला विकण्याजोगी आहे की नाही. नसेल तर दंड. तो कातडी विजार घालून सांडलेल्या एलवर बसायचा, आणि विजार बाकाला चिकटली की एलमध्ये साखर किती ते ओळखायचा, अशी एक गोष्ट हौसेने सांगितली जाते. गोष्ट गमतीची आहे, पण त्या काळातला पुरावा तिच्यामागे नाही. १५५६मध्ये स्ट्रॅटफर्ड गावाने ज्या गृहस्थांना एल चाखणारा म्हणून नेमलं, त्यांचं नाव जॉन शेक्सपिअर. नाटककार विल्यम यांचे वडील.

यात तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने थांबून पाहण्यासारखं काय आहे? एका माणसाच्या जिभेला गावाने साक्षीदार केलं. आपण म्हणतो, चव ज्याची त्याची, त्यावर वाद नको. मध्ययुगीन गावाला ही चैन परवडणारी नव्हती. चव खाजगी मानली तर गरिबाला आंबट पाणी विकणाऱ्याला पकडायचं कसं? म्हणून जिभेला शपथ घातली. आणि हेही लक्षात घ्या, चौदाव्या शतकापर्यंत ही एल करणाऱ्या बहुतांशी बायका होत्या. घरच्या चुलीवर, घरच्या भांड्यात. त्यांच्यासाठी इंग्रजीत वेगळा शब्दच होता, ब्रूस्टर. चाखणारे अधिकारी मात्र पुरुष. जाणकारी एकीकडे आणि अधिकार दुसरीकडे, असं हे पहिल्यापासूनच होतं. पुढे हॉप्सची फुले घातलेली बिअर समुद्रापलीकडून, आजच्या नेदरलंड-बेल्जियमच्या बाजूने आली. ती जास्त टिकायची, धंदा मोठा झाला, भांडवल लागू लागलं, आणि बायका त्या व्यवसायातून हळूहळू बाहेर पडल्या.

आता रंगाकडे वळू, कारण फळ्यावर अंबर हा शब्द होता.

एलचा रंग येतो माल्टमधून. माल्ट म्हणजे काय? आपण नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करतो ना, तोच प्रकार जवाचा. जव भिजवायचे, मोड आणायचे आणि ऐन वेळी भट्टीच्या उष्णतेवर वाळवून मोड थांबवायचे. जळण म्हणून लाकूड, गवत किंवा पेंढा. लाकडावर वाळवला की माल्ट तपकिरी आणि धुरकट. दगडी कोळसा वापरावा तर त्याच्या गंधकाने माल्ट वाया जाई. सतराव्या शतकात डार्बीशरच्या लोकांनी यावर युक्ती काढली. दगडी कोळसा आधीच भाजून त्यातला धूर आणि गंधक घालवायचा. उरतो तो कोक. कोकच्या आंचेवर माल्ट फिकट, स्वच्छ आणि धुराच्या वासाशिवाय वाळू लागला.

पुढचं तर आणखी गमतीचं आहे. अब्राहम डार्बी नावाचा एक मुलगा बर्मिंगहॅमला माल्ट दळायच्या जात्यांच्या कारागिराकडे उमेदवारी करत होता. माल्टवाले कोक वापरतात हे त्याने तिथे पाहिलं असणार. हाच डार्बी पुढे श्रॉपशरमध्ये कोलब्रुकडेलला आला आणि १७०९मध्ये त्याने कोकवर लोखंड गाळून दाखवलं. औद्योगिक क्रांतीचा पाया म्हणून जी घटना शाळेत शिकवतात, तिच्या आधी कोकवर एलचा माल्ट वाळत होता. आम्ही सकाळी पाहिलेला लोखंडी पूल याच घराण्याच्या तिसऱ्या पिढीने उभारला. म्हणजे पूल आणि पेला तसे जुने भाऊबंदच निघाले.

न्यायशास्त्राच्या अभ्यासकांना इथे हसू येईल. धुरावरून अग्नीचं अनुमान करता येतं, पण अग्नीवरून धुराचं करता येत नाही. का? नैयायिक उदाहरण देतात तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचं. तिथे अग्नी आहे, पण धूर नाही. धूर यायला ओलं इंधन लागतं. डार्बीशरच्या लोकांनी नेमकं तेच केलं, अग्नी ठेवला आणि धूर काढून टाकला. आणि त्यानंतर रंगाच्या छटा माणसाच्या हातात आल्या.

१७३०च्या दशकातल्या इंग्रजी मद्यकृतींच्या पुस्तकात माल्टचे तीन प्रकार दिलेले आहेत. फिकट, अंबर आणि तपकिरी. अंबर म्हणजे दोन टोकांच्या मधला. आपल्याकडे अंबर म्हटलं की आकाश किंवा वस्त्र. इंग्रजी शब्दाचा त्याच्याशी संबंध नाही. तो अरबी 'अनबर'वरून फ्रेंचमार्गे गेलेला. झाडाच्या चिकाचा लाखो वर्षांनी झालेला तो पिवळसर तांबूस खडा, ज्याला आपण तृणमणी म्हणतो. घासला की गवताची काडी ओढून घेतो म्हणून तृणमणी. आज 'अंबर एल' असा स्वतंत्र प्रकार म्हणून मिरवणारं नाव अमेरिकेतल्या १९८०नंतरच्या लहान भट्ट्यांनी रूढ केलं. रंगाचा शब्द मात्र इंग्लंडमध्ये त्याहून अडीचशे वर्षं जुना आहे.

आता एक योगायोग पाहा. १७५७मध्ये डेव्हिड ह्यूम यांनी रुचीच्या निकषावरचा आपला प्रसिद्ध निबंध छापला. पाचच वर्षांनी, १७६२मध्ये, मायकेल कोंब्रून नावाच्या लंडनच्या एका मद्यकाराने आपल्या धंद्याच्या सिद्धान्तावर ग्रंथ लिहिला. त्यात माल्टच्या रंगांचं एक कोष्टक आहे. पांढऱ्यापासून सुरू होऊन सायीचा, पिवळा, अंबर, तपकिरी असं करत शेवटी काळा. आणि प्रत्येक रंगासमोर तापमापकावरचा आकडा. एकाच दशकात एक तत्त्वज्ञ विचारतो की चवीला निकष असतो का, आणि एक मद्यकार भट्टीत तापमापक धरतो. दोघांची ओळख असल्याचं काही आमच्या वाचनात नाही. पण काळाचा प्रश्न एकच होता.

ह्यूम काय म्हणतात? त्यांनी 'दोन किहोते' कादंबरीतली सांचोची गोष्ट घेतली आहे. सांचोच्या दोन नातलगांना एका पिंपातली द्राक्षमद्य चाखायला बोलावलं. एकजण म्हणाला, उत्तम आहे, पण किंचित कातड्याची चव येते. दुसरा म्हणाला, उत्तम आहे, पण किंचित लोखंडाची चव येते. लोक दोघांनाही हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी सापडली एक जुनी किल्ली, कातडी वादीला बांधलेली. ह्यूम यांचा मुद्दा असा की सूक्ष्म रुची ही कल्पना नव्हे. ती खऱ्या गोष्टीला लागलेली असते. ती सरावाने वाढते, तुलनेने पक्की होते, आणि पूर्वग्रह दूर ठेवले तरच भरवशाची राहते. तापाने फणफणलेल्या माणसाने चवीचा निवाडा करू नये, असंही ते म्हणतात. आमच्या नाकाचा विचार करून आम्हाला ते वाक्य नेहमीच टोचतं.

कांट यांनी १७९०मध्ये वेगळी रेघ ओढली. मद्य मला रुचतं, असं म्हणा, पण मद्य रुचकर आहे असं सगळ्यांच्या वतीने म्हणू नका. जिभेचं सुख खाजगी, सौंदर्याचा निर्णय मात्र सर्वांकडून संमतीची अपेक्षा करणारा. आम्ही वर्गात बहुधा कांट यांच्या बाजूने बोललो. आज जरा ह्यूम यांच्याकडे सरकलो आहोत. का, ते एलचाच पुढचा इतिहास सांगेल.

१७८४मध्ये जॉन रिचर्डसन यांनी मद्यकारांच्या हाती एक यंत्र दिलं, शर्करामापक. द्रवात तरंगणारी नळी. माल्टच्या गरम पाण्यात किती विद्राव्य उतरलं, ते ती आकड्यात सांगते. यंत्र बुडवलं आणि एक धक्कादायक गोष्ट कळली. स्वस्त म्हणून वापरला जाणारा तपकिरी माल्ट खरं तर महाग पडत होता, कारण त्यातून उतारा कमी निघे. फिकट माल्टमधून भरपूर. व्यापारी शहाणे. लंडनच्या मोठ्या कारखान्यांनी आपल्या गडद पोर्टरमध्ये फिकट माल्टचं प्रमाण वाढवलं. पण मग रंग फिका झाला. गिऱ्हाईक म्हणणार, ही आमची पोर्टर नव्हे. मग जळकी साखर आणि इतर बऱ्याच गोष्टी रंगासाठी पडू लागल्या. १८१६मध्ये संसदेने कायदा करून माल्ट आणि हॉप्सखेरीज काही घालायला बंदी केली. आणि १८१७मध्ये डॅनियल व्हीलर यांनी कॉफी भाजतात तशा फिरत्या पिंपात माल्ट काळाकुट्ट भाजायचं पेटंट घेतलं. मूठभर काळा माल्ट टाकला की फिकट एल कायदेशीरपणे गडद होते.

पुन्हा न्यायाच्या भाषेत बोलू. गडद रंग तिथे खरपूस चव, ही व्याप्ती पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पेल्यात अनुभवली होती. ती खोटी नव्हती. भाकरी तव्यावर भाजताना तिला रंग आणि खरपूसपणा एकाच क्रियेने येतात, माल्टचंही तसंच. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी १९१२मध्ये ती क्रिया वर्णन केली, म्हणून तिला त्यांचं नाव आहे. पण व्हीलर यांच्या पिंपानंतर रंग एकीकडून आणि मद्यार्क दुसरीकडून येऊ लागला. व्याप्ती सुटली. डोळा आता भरवशाचा साक्षीदार राहिला नाही. आणि हे कशामुळे झालं? यंत्राने एक गोष्ट अचूक मोजली म्हणून. जे मोजता आलं ते वाढलं, जे मोजता आलं नाही त्याची नक्कल झाली. मंडळी, हे वाक्य बिअरपुरतंच खरं आहे असं समजू नका. परीक्षांचे गुण आठवा.

गंमत अशी की डोळ्याचं महत्त्व याच शतकात उलट वाढलं. इंग्लंडमध्ये काचेवर जड कर होता. तो १८४५मध्ये रद्द झाला आणि काच स्वस्त झाली. त्याआधी बहुतेक लोक कथलाच्या किंवा मातीच्या भांड्यात पीत, आत काय रंग आहे कुणाला दिसतंय? काचेचा पेला हातात आल्यावर स्वच्छ, सोनेरी, तांबूस एल ही पाहण्याची गोष्ट झाली.

याच फिकट एलचा एक फाटा आपल्यापर्यंत पोहोचला होता. कंपनी सरकारच्या काळात लंडनच्या हॉजसन यांची एल केप ऑफ गुड होपला वळसा घालून, काही महिन्यांचा प्रवास करून मुंबई, मद्रास, कलकत्त्याला येई. पुढे १८२०च्या दशकात ट्रेंट नदीवरच्या बर्टन गावच्या ऑलसॉप यांनी ती बाजारपेठ काबीज करायचं ठरवलं. पहिला नमुना म्हणे चहाच्या किटलीत उकळून पाहिला, अशी बर्टनची आवडती दंतकथा आहे. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे हॉप्सचा कडूपणा स्वच्छ उठतो आणि फिकट एल चांगली होते. म्हणजे जमिनीचाही चवीत वाटा आला. मुंबईच्या किल्ल्यात बसलेल्या साहेबाच्या पेल्यात बर्टनची माती होती असं म्हणायला हरकत नाही.

या सगळ्यात आमचे सर्वांत लाडके गृहस्थ म्हणजे जोसेफ लव्हिबाँड. मद्यकारांच्या घराण्यातले, सॉल्सबरीचे. प्रत्येक खेपेला एलचा रंग तोच आहे का, हे सांगायचं कसं? एक म्हणतो अंबर, दुसरा म्हणतो तांबूस. लव्हिबाँड यांनी आधी रंगीत द्रव भरून ठेवून पाहिले, पण ते काही दिवसांत फिके पडत. मग, असं सांगतात, सॉल्सबरीच्या कॅथेड्रलमधल्या रंगीत काचांच्या खिडक्या पाहताना त्यांना सुचलं की शतकानुशतकं न उडालेला रंग इथे आहे. काचेचा. त्यांनी ठरावीक छटांच्या काचा बनवल्या, आणि एलचा नमुना व काच शेजारी ठेवून तुलना करायचं उपकरण केलं. साल १८८५. आजही माल्टचा रंग लव्हिबाँड अंशांत सांगितला जातो. लक्षात घ्या, त्यांनी डोळा काढून टाकला नाही. डोळ्याला तुलना करायला एक स्थिर सोबती दिला. तुलनेने रुची पक्की होते, हे ह्यूम यांनी सांगितलंच होतं. लव्हिबाँड यांनी त्यासाठी काच कापली.

पुढे जिभेचंही तसंच झालं. डब्लिनच्या गिनेस कारखान्यात विल्यम गॉसेट नावाचे रसायनज्ञ होते. जव आणि हॉप्सचे मोजकेच नमुने हातात असताना फरक खरा आहे की योगायोग, हे कसं ओळखायचं, हा त्यांचा रोजचा प्रश्न. त्यांनी १९०८मध्ये त्यावर लेख लिहिला, पण कारखान्याच्या नियमामुळे स्वतःच्या नावाने छापता येईना. म्हणून सही केली 'स्टुडंट'. संख्याशास्त्र शिकलेल्या सगळ्यांना ठाऊक असलेली स्टुडंटची टी-चाचणी ती हीच. १९४०च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत चाखणाऱ्यांची परीक्षा घ्यायची एक सोपी रीत बसवली गेली. तीन पेले ठेवायचे, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखा. अंदाजाने ठोकलं तर तीनात एकदा बरोबर येईल. तीस जणांत दहा जण बरोबर आले तर काही सिद्ध होत नाही. बावीस-तेवीस आले तर फरक पेल्यातच आहे, चाखणाऱ्यांच्या मनात नाही. सांचोच्या नातलगांना किल्ली सापडेपर्यंत थांबावं लागलं. इथे पिंप रिकामं न करताच किल्ली आहे की नाही ते कळतं.

म्हणजे फेरा पूर्ण झाला. जिभेवरचा विश्वास उडाला म्हणून यंत्र आलं, आणि शेवटी यंत्रवाल्यांना परत जिभेकडेच यावं लागलं. पण एकट्या जिभेकडे नाही, अनेक जिभांकडे.

एक शेवटचा टप्पा राहिला. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोठ्या कारखान्यांनी एल गाळून, तापवून, वरून वायू भरून पिंपात विकायला सुरुवात केली. टिकाऊ, सगळीकडे सारखी, थंडगार. घरच्या अंगणात एल करणारे पब संपत आले. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला देशभरात जेमतेम चार उरले होते. कॉर्नवॉलमध्ये हेल्स्टनचं ब्लू अँकर, डडलीजवळ नेदरटनचं ओल्ड स्वॉन, आणि दोन आमच्या या श्रॉपशरमध्ये, बिशप्स कासलचं थ्री टन्स आणि मेडलीचं ऑल नेशन्स. मेडली म्हणजे कोलब्रुकडेलला लागूनच, बरं का. १९७१मध्ये आयर्लंडला सुट्टीवर गेलेल्या चार इंग्रज तरुणांनी यावर चळवळ सुरू केली. आज ती कॅमरा या नावाने ओळखली जाते. त्यांचं म्हणणं साधं होतं, ज्या पिंपातून एल वाढायची त्याच पिंपात तिला जिवंत राहून पिकू द्या. गावाने नेमलेला चाखणारा गेला होता, म्हणून गिऱ्हाइकांनी स्वतःच ते काम अंगावर घेतलं. आज गावोगावी पुन्हा घरच्या भट्ट्या दिसतात, त्यात या हट्टाचा मोठा वाटा आहे.

आता परत त्या टेबलापाशी.

मालकांनी प्रश्न विचारून आम्हाला निरुत्तर केलं होतं. लेक म्हणाली, "बाबा, आपण परत घेऊया, हळू." ह्या वेळी आम्ही घोट तोंडात थांबवला. आमच्या जिभेला गोड, आंबट, कडू हे नीट कळतं. नाक गेलं तरी ते जात नाही. वास घशामागून नाकात चढतो, तिथे आमची वाट बंद आहे. म्हणून वाटणी केली. आम्ही सांगितलं, "आधी गोडसर आहे. मग मधे कोरडी होते. आणि गिळल्यावर कडूपणा येतो, तो जिभेच्या मुळाशी बराच वेळ थांबतो, कारल्यासारखा नाही, मेथीच्या दाण्यासारखा." लेकीने डोळे मिटून सांगितलं, "चिक्कीचा पाक थोडा जास्त उकळला तर येतो तसा वास आहे. पोळीच्या भाजलेल्या कडेचा. आणि शेवटी संत्र्याची साल." आम्हाला चिक्कीही लागली नव्हती आणि संत्रंही नाही. तिच्या लक्षात कडूपणाचा मुक्काम आला नव्हता. आम्ही सांगितल्यावर तिने पुन्हा घोट घेतला आणि म्हणाली, "हो की."

लेकीने हे सगळं इंग्रजीत मालकांना सांगितलं. मेथी समजावताना तिची जरा धांदल उडाली. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि म्हणाले की पाकाचा वास क्रिस्टल माल्टचा. म्हणजे ओला माल्ट वाळवण्याआधी बंद पिंपात ऊब देऊन दाण्याच्या आतच साखर करायची आणि मग भाजायचा. रंगही त्याचाच, वेगळा काही घातलेला नाही. संत्र्याची साल हॉप्सची. आणि कडूपणा या खेपेला जरा जास्त उतरला आहे, हे त्यांनाही वाटत होतं, पण गावातलं कुणी बोललं नव्हतं.

किल्ली सापडली, मंडळी. एकाला लोखंड कळलं, एकाला कातडं.

ह्यूम यांच्या निबंधावर एक जुना आक्षेप आहे, आणि आम्ही तो दरवर्षी शिकवला. असा परिपूर्ण रसिक आणायचा कुठून? त्या दुपारी आम्हाला वाटलं की प्रश्नच चुकीचा विचारला गेला. सांचोच्या गोष्टीतही परिपूर्ण रसिक कुणी नाही. दोघांनाही अर्धंच कळलं होतं. चुकले ते हसणारे, ज्यांनी दोन अर्धी जोडून पाहिली नाहीत. निकष एका थोर जिभेत नसतो. तो बोलण्यात असतो, तपासण्यात असतो, 'पुन्हा घोट घेऊन बघ' असं म्हणण्यात असतो. लव्हिबाँड यांची काच, तीन पेल्यांची चाचणी, गावाच्या चाखणाऱ्याची शपथ, या सगळ्या त्या बोलण्याला आधार देण्याच्या रीती आहेत. आणि त्या बोलण्यातून कुणाला वगळलं, याचा हिशेबही ठेवायला हवा. ज्या बायकांनी शतकानुशतकं एल केली, त्यांची जीभ साक्षीला घेतली गेली नाही. पूर्वग्रह दूर ठेवा म्हणणाऱ्या ह्यूम यांच्या अटीत इतिहासाने केलेली ही मोठी चूक आहे.

आमच्यापुरतं सांगायचं तर, अधू नाकाच्या माणसाला अधिकार आहे का, या प्रश्नाचं उत्तर आम्हाला मिळालं. एकट्याने निवाडा द्यायचा अधिकार नाही. साक्ष द्यायचा आहे. वय वाढतं तसं एकेक इंद्रिय रजेवर जातं, आणि मग माणूस 'छान आहे' म्हणून मोकळा होऊ लागतो. तो आळस आम्ही आता सोडायचं ठरवलंय. घरी सौभाग्यवतींनी आमटी वाढली की आम्ही विचारतो, वास कसा आलाय ते तुम्ही सांगा, मीठ आणि आंबटपणाचं आम्ही सांगतो. त्यांना आधी वाटलं, नावं ठेवायला लागले. आता त्याही चमचा पुढे करतात आणि वाट पाहतात.

निघताना अर्धा पेला आमच्या हातून शिल्लकच राहिला होता, डॉक्टरांची मर्यादा. मालकांनी तो उचलून उजेडासमोर धरला, एकदा पाहिला, आणि म्हणाले, "पुढच्या खेपेला हॉप्स थोडे कमी करतो."

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.